वाद्यवृंदाचा हंगाम आणि आपला ताळेबंद

‘हंगाम’ हा शब्द आपल्या सोलापूर जिल्ह्याला चांगला परिचयाचा आहे. ज्वारीचा रब्बी हंगाम, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि त्यांच्या मागोमाग येणारी लग्नसराई, अशी आपल्या वर्षाची विभागणी असते. मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजेच एन.सी.पी.ए.मध्ये, आणखी एक हंगाम वर्षातून दोनदा भरतो. एकदा फेब्रुवारीच्या आसपास आणि एकदा सप्टेंबरच्या आसपास. तो असतो ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ या वाद्यवृंदाचा. आता सप्टेंबरचा हंगाम जवळ येत आहे. त्या निमित्ताने या महिन्याच्या लेखासाठी थोडा वेगळा विषय घेतला आहे.

“पाश्चात्त्य संगीताशी आपला काय संबंध?” असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तीन भागांत देण्याचा प्रयत्न करतो. हे संगीत आपल्याकडे कसे आले, ते ऐकावे कसे आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे ते तीन भाग होत. तिसरा भाग माझ्या जुन्या व्यवसायाशी निगडित असल्यामुळे तिथे मी जरा अधिक रेंगाळणार आहे, आणि आपल्या मंडळांच्या विश्वस्तांनी तो भाग अवश्य वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम ‘हंगाम’ म्हणजे काय ते पाहू. पूर्ण वाद्यवृंदात सत्तर ते शंभर वादक असतात. त्यांना एकत्र आणणे, काही दिवस कसून तालीम घेणे आणि मग ठरावीक आठवड्यांत ओळीने कार्यक्रम सादर करणे, हे एकेका कार्यक्रमापुरते करणे परवडत नाही. म्हणून कार्यक्रमांची मालिका आखतात, ती आधी जाहीर करतात आणि रसिकांना संपूर्ण मालिकेचे तिकीट घेण्याचे आवाहन करतात. आगाऊ आलेली ती वर्गणी म्हणजे संस्थेचे खेळते भांडवल. लंडनची फिलहार्मोनिक सोसायटी १८१३ साली याच रीतीने उभी राहिली. संगीतावर प्रेम करणारी माणसे सभासद झाली आणि त्यांच्या वर्गणीतून कार्यक्रम होऊ लागले. याच सोसायटीने बीथोव्हेनला नव्या सिम्फनीसाठी ५० पौंड देऊ केले. ती त्याची नववी सिम्फनी. तिचा पहिला प्रयोग ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात झाला, तेव्हा बीथोव्हेनला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. एका सभासद-मंडळाने दिलेल्या ५० पौंडांच्या कामाला दोनशे वर्षांनंतरही मागणी आहे. बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ कर्जे मंजूर केली, परंतु इतकी फलदायी गुंतवणूक माझ्या टेबलावरून कधी गेली नाही.

आता मुंबईकडे वळू. १९३४ साली वॉल्टर कॉफमन नावाचा तरुण ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आला. त्याच वर्षी त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. पुढे तो आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला. पहाटे रेडिओ लावल्यावर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वाजणारी ती चिरपरिचित धून त्याचीच रचना आहे. आकाशवाणीवर ती ऐकत आमची पिढी मोठी झाली. तेव्हा ‘आमचा या संगीताशी संबंध नाही’ असे म्हणताना जरा थांबावे.

कॉफमनचे सहकारी होते मेहली मेहता. या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात हौशी पारशी वादक, हॉटेलांतून व पोलीस बँडमधून आलेले गोवेकर आणि मुंबईत राहणारे युरोपीय अशी सर्व तऱ्हेची मंडळी एकत्र वाजवीत. मेहलींचा मुलगा घरातल्या या तालमी ऐकत वाढला. तो डॉक्टर व्हावा, अशी घरची इच्छा होती. वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग सोडून १९५४ साली तो व्हिएन्नाला संगीत शिकायला गेला. त्याचे नाव झुबिन मेहता. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्रायल येथील नामांकित वाद्यवृंदांची धुरा सांभाळलेल्या या मुंबईकराने ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, एन.सी.पी.ए.मध्ये आपल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे संचालन केले.

गोव्याची कथा याहून बोधप्रद आहे. तिथल्या गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत एक संगीत शिक्षक असे. त्याला ‘मेस्त्रे’ म्हणत. शेतकऱ्याचे पोर असो वा सुताराचे, त्याला तो स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. ही मुले पुढे रोजगारासाठी मुंबईत आली, आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद फार मोठ्या प्रमाणात त्यांच्या बोटांवर उभा राहिला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा त्यांतलेच. माजोर्डा गावच्या मेस्त्रेचा मुलगा अँथनी गोन्साल्विस हाही त्यांतलाच. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ मध्ये नायकाच्या तोंडी जे नाव गाजले, ती शिष्याची गुरुदक्षिणा होती. याच गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारित सिम्फनी-रचना भव्य वाद्यवृंदाकडून सादर करवून घेतल्या. गावातल्या एका शिक्षकाचा पगार किती दूरवर पोचतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय वादक परतले. मेहली मेहताही १९५५ साली इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेस गेले. त्यांचा वाद्यवृंद विरून गेला. १९६२ साली बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू झाला. जिनी दिनशॉ या बाईंनी अनेक दशके तो नेटाने चालवला. दिवसा नोकरी वा व्यवसाय करून संध्याकाळी तालमीला येणारे हौशी वादक, हेच त्याचे बळ. पुढे २००६ साली एन.सी.पी.ए.चे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद जन्मास आला. त्याचे काही वादक वर्षभर मुंबईत राहून वाजवतात व शिकवतात. हंगामात मात्र परदेशांतून पुष्कळ वादक बोलवावे लागतात. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात शंभर खुर्च्या भरण्याइतके वादक तयार नाहीत, ही गोष्ट चालकांनाही खटकत होती. म्हणून २०१२ साली त्यांनी मुलांसाठी संगीत अकादमी सुरू केली.

आता ऐकावे कसे, याविषयी थोडे. व्यासपीठावर पुढे अर्धवर्तुळात तंतुवाद्ये असतात. पहिली व दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि उंच डबल बास. त्यांच्या मागे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी सुषिर वाद्ये, त्यामागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये आणि सर्वांत मागे टिंपनीसारखी चर्मवाद्ये. प्रारंभी ओबोवादक एक स्वर लावतो आणि सारे त्याला आपापली वाद्ये मिळवून घेतात. आपल्याकडे तंबोरा लावताना सभागृहात जी शांतता पसरते, तीच इथेही अनुभवास येते. कार्यक्रमात बहुधा आधी एक छोटी रचना, मग एखाद्या एकल वादकासह ‘कन्चेर्टो’ आणि मध्यंतरानंतर सिम्फनी असा क्रम असतो. सिम्फनीचे सामान्यतः चार भाग असतात. एक भाग संपला म्हणून टाळ्या वाजवण्याची घाई करू नये, संचालकाचे हात खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे.

नवख्या श्रोत्याने ओळखीच्या दारातून आत शिरावे. मोझार्टची ४०वी सिम्फनी १७८८ सालची. तिच्या आरंभीची चाल सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातील तलत महमूद व लता मंगेशकर यांच्या युगुलगीतासाठी घेतली होती. सिम्फनीचा पहिला अर्धा मिनिट ऐकताच जुनी ‘बिनाका’ आठवेल. दुसरे दार झाकिर हुसेन यांचे. एन.सी.पी.ए.च्या विनंतीवरून त्यांनी तबला व वाद्यवृंद यांसाठी ‘पेशकार’ नावाचा कन्चेर्टो रचला आणि २०१५ साली तो याच वाद्यवृंदासह सादर केला. संपूर्ण वाद्यवृंद तबल्याच्या बोलांना उत्तर देतो, हे ऐकताना परकेपणा गळून पडतो.

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न निश्चित येईल, म्हणून तो टाळत नाही. व्हायोलिनच्या तारा पूर्वी मेंढीच्या आतड्यांपासून करीत. आज बहुसंख्य वादक पोलादी किंवा कृत्रिम धाग्यावर धातू गुंडाळलेल्या तारा वापरतात. गजाचे केस मात्र आजही प्रायः घोड्याच्या शेपटीचे असतात, कृत्रिम केसांचे गजही मिळतात. वाद्य जोडण्यासाठी परंपरेने प्राणिज सरस वापरतात. हाच प्रश्न तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीबाबतही उद्भवतो, आणि प्रत्येकाने आपल्या विवेकाने त्याचा निर्णय करावा. मुलाला वाद्य घेऊन देताना कृत्रिम तारा व कृत्रिम केसांचा गज मागता येतो, एवढे माहीत असलेले बरे.

आणि व्हायोलिन हे केवळ साहेबाचे वाद्य राहिले नाही, हेही ध्यानात घ्यावे. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच ते कर्नाटक संगीतात रुजवले. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनी त्यावर ख्याल गायकीचे सारे सौंदर्य उतरवले. वाद्य तेच, वाट निराळी. मुलाने कोणती वाट धरावी, हे नंतर ठरवता येते. आधी हातात वाद्य आणि समोर शिक्षक हवा.

आता हिशेबाकडे येतो. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य मुद्दा सोलापूरकराला चटकन समजेल. आपल्या गावात १८७७ साली पहिली कापड गिरणी आली. त्यापूर्वी एक विणकर एका हातमागावर दिवसभरात जेवढे कापड विणी, त्याच्या कितीतरी पट कापड पुढे यंत्रमागावरचा कामगार काढू लागला. त्यामुळे मजुरी वाढली तरी वारामागचा खर्च आटोक्यात राहिला. परंतु चार वादकांसाठी लिहिलेली अर्ध्या तासाची रचना मोझार्टच्या काळी चार माणसे अर्ध्या तासात वाजवीत आणि आजही चार माणसांना अर्धा तासच लागतो. तिथे यंत्र मदतीस येत नाही. तालीमही तेवढीच लागते. वादकाचा पगार मात्र इतरांच्या पगाराबरोबर वाढवावाच लागतो, नाहीतर तो दुसऱ्या धंद्यात जाईल. म्हणजे जग जसजसे अधिक उत्पादक होते, तसतशी प्रत्यक्ष वाजवलेली कला तुलनेने महाग होत जाते. यात कुणाचा गैरकारभार नसतो, त्या कामाचा स्वभावच तसा आहे.

शिवाय वाद्यवृंद ध्वनिवर्धकाविना वाजतो. शेवटच्या रांगेपर्यंत मूळ नाद पोचला पाहिजे, म्हणून सभागृह अमर्याद मोठे करता येत नाही. एन.सी.पी.ए.चे १९९९ साली उघडलेले जमशेद भाभा नाट्यगृह सुमारे ११०० आसनांचे आहे. सर्व खुर्च्या भरल्या तरी शंभर वादकांचा, त्यांच्या तालमीचा आणि प्रवासाचा खर्च तिकिटांतून निघणे कठीण. जगात बहुतेक ठिकाणी तो निघत नाही. युरोपात शासन तूट भरते, अमेरिकेत देणगीदार आणि कायम निधी. आपल्याकडे काही उद्योगसमूह व रसिक पुढे येतात म्हणून हंगाम उभा राहतो.

हे सूत्र मुंबईपुरतेच लागू नाही. शाळा, पाठशाळा, वाचनालय, व्यायामशाळा, वृद्धांची शुश्रूषा, जिथे माणसाने माणसाला वेळ द्यावयाचा असतो, अशा प्रत्येक कामाला ते लागू पडते. आणि इथेच समाजसंस्थांच्या ताळेबंदात मला एक जुनी विसंगती दिसते. इमारतीसाठी आपण सढळ हाताने देतो. सभागृह बांधतो, फरशी बदलतो, वातानुकूलन बसवतो. त्या सभागृहात मुलांना रोज काही शिकवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद कुठे आहे, असे विचारले की “ते फीमधून भागेल” असे उत्तर मिळते. ते फीमधून भागत नाही. शिक्षक दोन वर्षांत सोडून जातो, मुले नववीत गेल्यावर वर्ग बंद होतो आणि पेट्या-तबले कपाटात जातात.

एक साधे उदाहरण मांडतो, आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. एका व्हायोलिन शिक्षकास दरमहा २५,००० रुपये द्यावयाचे, म्हणजे वर्षाला ३ लाख. ठेवीवर ७ टक्के व्याज धरले, तर सुमारे ४३ लाखांच्या मुद्दलावर एवढे व्याज मिळते. बहुतेक मंडळांचा हिशेब इथेच थांबतो. पण पगार दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवला, तर दुसऱ्याच वर्षी १५,००० रुपये मुद्दलातून काढावे लागतात. चौदा वर्षांत पगार जवळजवळ दुप्पट होतो आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास मुद्दल संपते. निधी खरोखर अक्षय ठेवायचा असेल, तर ७ टक्क्यांपैकी ५ टक्के मुद्दलात परत टाकले पाहिजेत. खर्चाला उरतात २ टक्के. ३ लाख ही ज्या रकमेची २ टक्के होते, ती रक्कम आहे दीड कोटी.

दीड कोटी ऐकून विश्वस्तांनी वही मिटू नये. ४३ लाखांत एक शिक्षक अठरा वर्षे निर्धास्तपणे शिकवू शकतो, ही देखील लहान गोष्ट नाही. पहिलीतला मुलगा पदवीधर होईपर्यंत तो काळ पुरतो. विद्यार्थ्यांकडून अल्प फी घेतली, मुद्दलात दरवर्षी थोडी भर घातली, दोन-तीन मंडळांनी मिळून एकच शिक्षक नेमला, तर निधी याहूनही पुढे जाईल. हे आकडे आपल्या एखाद्या सभागृहाच्या नूतनीकरणापुढे मोठे नाहीत.

अडचण निराळी आहे. कोनशिलेवर नाव कोरता येते, पगारपत्रकावर कोरता येत नाही. यावर अमेरिकेतील वाद्यवृंदांनी छान तोड काढली आहे. तिथे निधी देणाऱ्याचे किंवा त्याच्या आईवडिलांचे नाव वादकाच्या खुर्चीला देतात. छापील कार्यक्रमपत्रिकेत वादकाच्या नावासोबत ते नाव वर्षानुवर्षे छापले जाते. आपणही शिक्षकाच्या पदाला आईचे नाव द्यावे. भिंतीवरच्या संगमरवरापेक्षा ते नाव मुलांच्या तोंडी अधिक वेळा येईल.

सोलापुरात शंभर माणसे एका ठेक्यावर हलू शकतात का, अशी शंका कुणी घेईल, तर त्याने गणेशोत्सवात इथली लेझीम पाहावी. दिवसभर काम करून आलेली मुले कित्येक आठवडे रात्री सराव करतात आणि मिरवणुकीत हलगीच्या एका इशाऱ्यावर शेकडो पावले एकदम वळतात. एकत्र येण्याची शिस्त या गावाला आहे. बारा महिने शिकवणारा माणूस तेवढा हवा.

तेव्हा या हंगामात शक्य असेल त्यांनी एक कार्यक्रम जरूर ऐकावा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले की सकाळी मुंबई गाठता येते. कार्यक्रमपत्रिका आणि तिकिटे एन.सी.पी.ए. आधी जाहीर करते, मालिकेतला तुलनेने सोपा, ओळखीचा कार्यक्रम प्रथम निवडावा. कार्यक्रम सायंकाळी असतात, सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी त्या बेताने व्यवस्था ठेवावी. सोबत घरातले एखादे दहा-बारा वर्षांचे मूल न्यावे आणि त्याला पुढच्या रांगांत डाव्या हाताला बसवावे, म्हणजे व्हायोलिनवादकांचे गज एकाच वेळी वर-खाली जाताना दिसतील. परतल्यावर त्याने “मला हे शिकायचे आहे” असे म्हटले, तर त्याला कुणाकडे पाठवायचे, याचे उत्तर आज आपल्यापाशी नाही. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घालावा, अशी सूचना मी माझ्या मंडळाच्या चिटणीसांकडे लेखी दिली आहे. आपणही आपापल्या मंडळात द्यावी.